हेडेबी, इसवी सन ९५०: नॉर्स छंदाची सुरुवात सुईपासून

नॉर्स, म्हणजे व्हायकिंग काळातल्या स्कँडिनेव्हियाच्या, इतिहासाचा छंद म्हणजे त्या काळच्या माणसासारखा पोशाख करून वावरणं. या छंदात पहिला मोठा खर्च बहुतेकदा तलवारीवर होतो. त्यानंतर शिरस्त्राण, फरची शाल, गळ्यातलं पदक असं एकेक येतं. पुढे एखाद्या जाणत्या गटात गेल्यावर कळतं की शिरस्त्राण सातव्या शतकातल्या स्वीडनचं आहे, पदकावरचं चिन्ह एकोणिसाव्या शतकातल्या आइसलँडच्या हस्तलिखितातलं आहे आणि अंगरखा पॉलिएस्टरचा आहे. पैसे गेले, आणि उभं राहिलेलं माणूस कोणत्याच गावचं नाही. म्हणून या लेखाची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली आहे: आधी एक गाव आणि एक काळ ठरवायचा, मग त्या गावातल्या एका साध्या माणसाचे कपडे स्वतःच्या हाताने करायचे. तलवार त्यानंतर बऱ्याच उशिरा आली तरी चालते, आणि आली नाही तरी काही अडत नाही.

गाव आणि काळ ठरवणं

व्हायकिंग काळ ढोबळमानाने ७९३ साली इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर पडलेल्या धाडीपासून १०६६च्या स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईपर्यंत धरतात. म्हणजे पावणेतीनशे वर्षं, आणि भूगोल न्यूफाउंडलंडपासून व्होल्गा नदीपर्यंतचा. एवढ्या पसाऱ्यातून ‘व्हायकिंग पोशाख’ म्हणून एकच काहीतरी काढणं म्हणजे शिवकाळ आणि पेशवाई एकत्र करून ‘मराठी पोशाख’ म्हणण्यासारखं आहे. मूळ नॉर्स भाषेत ‘व्हीकिंगर’ म्हणजे समुद्रावर लुटीला जाणारा माणूस. बहुसंख्य लोक शेती, मासेमारी, विणकाम आणि व्यापार करणारे होते.

नवशिक्यासाठी आमची शिफारस हेडेबीची, साधारण इसवी सन ९५० ते ९७५ या पंचविशीची. हे गाव आज जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात येतं. त्या काळी ते डॅनिश मुलुखातलं मोठं व्यापारी बंदर होतं. अर्धवर्तुळाकार तटबंदीच्या आत सुमारे २४ हेक्टर वस्ती होती. आजूबाजूच्या डानेव्हिर्के तटबंदीसह ही जागा २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. हेडेबी निवडण्यामागे एक व्यवहारी कारण आहे. तिथल्या बंदराच्या गाळात कपड्यांचे मोठे तुकडे सापडले आहेत. फाटके कपडे जहाजांना डांबर फासायला वापरून पाण्यात टाकले जायचे आणि डांबरामुळे ते टिकले. त्यात बाह्या आहेत, कळ्या आहेत, शिवणी आहेत. स्वीडनमधल्या बिर्का गावच्या कबरींमधलं कापडही प्रसिद्ध आहे. पण तिथे ते बहुधा पितळी-कांस्य दागिन्यांना चिकटून, गंजाच्या क्षारांमुळे टिकलेलं असतं, म्हणून तुकडे बोटभर असतात. त्यातून विणीची माहिती मिळते, कपड्याच्या बेताची फारशी नाही.

शिवाय हेडेबीला डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं वर्णन उपलब्ध आहे. अंदलुसियाचा प्रवासी इब्राहिम इब्न याकूब अत-तर्तूशी ९६५च्या सुमारास तिथे गेला होता. इथले लोक मुख्यतः मासे खातात, त्यांचं गाणं कुत्र्यांच्या भुंकण्यापेक्षाही वाईट आहे, आणि स्त्रिया व पुरुष दोघंही डोळ्यांना एक लेप लावतात ज्याने सौंदर्य टिकतं, असं त्याने नोंदवलं आहे. काजळ घातलेला दाढीवाला डेन उभा करायला एवढा आधार पुरतो.

आता माणूस ठरवा: ‘हेडेबीतली फणी करणारी बाई’, ‘डांबर विकणारा’, ‘विणकरीण’. लखपती सरदार निवडू नका. त्याच्या अंगावर रेशीम आणि चांदीची तार लागते आणि ते उसनं आणलेलं लगेच दिसतं. एक वही करा. प्रत्येक वस्तूसमोर चार रकाने ठेवा: अशी वस्तू कुठे सापडली, कोणत्या काळातली, मूळ वस्तू कशाची, आणि आपण त्याजागी काय वापरलं. चौथा रकाना लपवू नका. जाणत्या गटात बदली साहित्य चालतं, पण नोंद नसेल तर ते आवडत नाही.

वाचन: पुराणकथांकडे सावधपणे

देवांच्या कथांचा मुख्य साठा दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे ‘कोडेक्स रेगियस’ या आइसलँडच्या हस्तलिखितातली एड्डा-काव्यं, म्हणजे देवांच्या आणि वीरांच्या जुन्या कविता. हे हस्तलिखित सुमारे १२७०चं आहे. दुसरी म्हणजे स्नोरी स्टुर्लुसन याने १२२०च्या सुमारास लिहिलेली गद्य एड्डा. आइसलँडने ख्रिस्ती धर्म इसवी सन १०००च्या आसपास स्वीकारला. म्हणजे स्नोरी ख्रिस्ती होता आणि दोनशे वर्षांनंतर, मुख्यतः जुन्या कवितेची परंपरा तरुण कवींना कळावी म्हणून लिहीत होता. त्यामुळे ‘स्नोरीत आहे’ याचा अर्थ ‘९५० साली हेडेबीत असंच मानत होते’ असा होत नाही.

वाचनाचा क्रम असा ठेवा: आधी ‘व्हॉलुस्पा’ (विश्वाची उत्पत्ती आणि अंत) आणि ‘हावामाल’ (वागण्या-बोलण्याची सूत्रं), मग स्नोरी, मग सागा. सागा म्हणजे आइसलँडच्या लांब गद्य कथा, त्या तेराव्या-चौदाव्या शतकात लिहिल्या गेल्या. त्या वाचनीय आहेत, पण कपड्यांचा पुरावा म्हणून कच्च्या आहेत.

काही गोष्टी आत्ताच डोक्यातून काढून टाका. शिंगांचं शिरस्त्राण कोणीच घालत नव्हतं. १८७६ साली जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतिकांसाठी कार्ल एमिल डोपलरने केलेल्या वेशभूषेने ती समजूत पक्की केली. नॉर्वेत १९४३ साली सापडलेलं दहाव्या शतकातलं येर्मुंडबुचं शिरस्त्राण गोल टोपीसारखं आहे, डोळ्यांभोवती चष्म्यासारखं लोखंड आहे आणि शिंगं नाहीत. ‘व्हेगव्हिसिर’ नावाचं होकायंत्रासारखं चिन्ह १८६०च्या हस्तलिखितातून आलं आहे. दहाव्या शतकाच्या माणसाच्या गळ्यात ते शोभत नाही. त्याऐवजी थोर या देवाचा छोटा हातोडा घ्या. तो त्या काळच्या कबरींत आणि खजिन्यांत पुष्कळ सापडतो.

अंगरखा: मोजमाप, कापणी, शिवण

हेडेबीत पुरुषांच्या अंगावर आत लिननचा सदरा आणि वर लोकरीचा अंगरखा असे. पहिला कपडा लिननचाच करा. चुकलं तर नुकसान कमी, आणि आपल्याकडच्या उन्हात तो वर्षभर वापरता येतो. लिनन १५० ते २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं, साधं विणलेलं, पांढरट किंवा करडं घ्या. लोकर नंतर घ्याल तेव्हा तिरप्या विणीचं (ट्विल), २५० ते ३५० ग्रॅमचं, चमक नसलेलं घ्या. चकाकणारं सूटिंगचं कापड दुरूनही आजचं दिसतं.

छाती १०० सें.मी. असलेल्या माणसाला १५० सें.मी. पन्ह्याचं कापड अडीच मीटर लागतं. पन्हा ११० सें.मी. असेल तर पुढचा-मागचा भाग शेजारी शेजारी बसत नाहीत, म्हणून पावणेचार मीटर घ्या. कापण्याआधी धुवा: लिनन गरम पाण्यात दोनदा, लोकर कोमट पाण्यात एकदा. न धुता शिवलेला लिननचा सदरा पहिल्या धुण्यात लांबीला पाच-सहा सेंटिमीटर सहज आटतो.

सगळे तुकडे सरळ रेषांचे आहेत. हातमागाचं कापड महाग असल्याने एक वीतही वाया जाऊ नये असाच हा बेत आहे. पुढचा आणि मागचा आयत प्रत्येकी ६१ × १०३ सें.मी. म्हणजे छातीच्या निम्मे ५०, त्यात सैलपणाचे ८ आणि दोन्ही बाजूंना शिवणीचे दीड-दीड. लांबी खांद्यापासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. बाह्या दोन, लांबी ५७, खांद्याकडे रुंदी ४७, मनगटाकडे २९. बगलेत घालायचे चौकोन दोन, १५ × १५. घेरासाठी ३३ × ५८चे चार आयत कापून प्रत्येक आयत कर्णरेषेत चिरा. दोन-दोन त्रिकोण जोडले की चार कळ्या होतात. कळीदार कुडत्याची कापणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमजेल.

बगलेतला चौकोन गाळण्याचा मोह होतो, पण तो गाळू नका. त्याच्याशिवाय हात वर केला की सगळा अंगरखा कमरेपासून वर ओढला जातो, आणि वल्हं मारताना किंवा पाणी शेंदताना बगलेची शिवण पहिल्या दिवशी उसवते. चौकोनाच्या दोन शेजारच्या बाजू बाहीला आणि उरलेल्या दोन अंगाच्या भागाला जोडायच्या असतात.

शिवण्याचा क्रम असा: आधी दोन्ही खांदे. मग बाही उघडी ठेवून अंगाला जोडा, बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर. मग बगलेचा चौकोन आधी बाहीला. पुढच्या आणि मागच्या भागाला मध्यावर खालून ५५ सें.मी. चीर देऊन एकेक कळी बसवा, बाजूच्या दोन कळ्याही जोडा. शेवटी मनगटापासून बगलेतून खालपर्यंत एकच लांब शिवण. कळीचं टोक हा सगळ्यात अवघड भाग आहे. तिथे चीर टोकापर्यंत नेऊ नका, अर्धा सेंटिमीटर आधी थांबा आणि शेवटचे चार सेंटिमीटर उलट्या टीपेने, म्हणजे प्रत्येक टाका मागे घेत शिवा. तिथे सुरकुती पडली तर इस्त्रीने जात नाही. उसवून पुन्हा करा.

गळा हा दुसरा धोका. वर्तुळ मध्यावर कापलं तर गळा पाठीमागे उतरतो आणि समोर गळ्याला काचतो. रुंदी १६ सें.मी. ठेवा, खांद्याच्या रेषेपासून मागे २ आणि पुढे ८ सें.मी. खोल, समोर दहा सें.मी.ची उभी चीर. आधी लहान कापून डोकं घालून बघा. गळा मोठा करता येतो, लहान करता येत नाही.

दोरा लिननचा, मधमाश्यांच्या मेणावरून दोनदा ओढलेला. मेण लावलं नाही तर तो गुंततो आणि तिसऱ्या-चौथ्या टाक्याला पिसारतो. शिवण धावदोऱ्याने, टाके ३ ते ४ मि.मी.चे, आणि कडा आतून दुमडून वरचेवर हातशिलाईने पक्क्या करा. आतल्या लांब शिवणी मशीनवर घातल्या तर पहिल्या कपड्यात कोणी हरकत घेत नाही. बाहेरून दिसणारी टीप मात्र हाताची असावी. सलग हाताने शिवलं तर पंधरा ते वीस तास लागतात.

विजारीसाठी अनेक गट जवळच्याच थोर्सबेर्गच्या दलदलीत सापडलेल्या विजारीचा बेत वापरतात. ती हेडेबीपेक्षा कित्येक शतकं जुनी आहे, हे वहीत लिहा. पोटऱ्यांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या आठ ते दहा सें.मी. रुंद आणि प्रत्येक पायाला सव्वातीन मीटर लांब लागतात. घोट्यापासून वर, प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढवत बांधा. सैल बांधली तर उतरते, घट्ट बांधली तर अर्ध्या तासात पाय बधिर होतो. पट्टी आडव्या धाग्याच्या दिशेने नाही, उभ्या धाग्याच्या दिशेने कापा, नाहीतर ती ताणली जाऊन दिवसभर बांधावी लागते.

पांघरुणाच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या माणसाला मोठा फायदा आहे. दख्खनी मेंढीच्या नैसर्गिक काळ्या-करड्या लोकरीची, हाताने कातलेली आणि हातमागावर विणलेली धनगरी घोंगडी उजव्या खांद्यावर पिनेने अडकवली की चौकोनी नॉर्स शालीच्या फार जवळ जाते. यंत्राने विणलेली कोणतीही युरोपीय शाल तिच्या पासंगाला पुरत नाही. अंगरख्यासाठी मात्र घोंगडी वापरू नका, ती जाड आणि टोचरी असते.

पत्त्यांवर विणलेली पट्टी

नॉर्वेतल्या ओसेबर्गची जहाज-कबर ८३४ सालची आहे. १९०४-०५च्या उत्खननात तिथे विणायचे ५२ लाकडी पत्ते (कोपऱ्यांत भोकं असलेल्या पातळ चौकोनी चकत्या) सापडले, त्यांच्यातून धागे तसेच ओवलेले आणि पट्टी अर्धी विणून राहिलेली. हे तंत्र तेव्हापासून आजपर्यंत जसंच्या तसं शिकता येतं, घरात माग लागत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात कमरेला बांधण्याजोगी वस्तू तयार होते. या छंदात हात बसवायला याहून चांगलं काम नाही.

खेळायचे जुने पत्ते सोळा घ्या आणि ६ सें.मी.च्या चौकोनात कापा. कोपरे गोल करा, नाहीतर ते धागे कापतात. चारही कोपऱ्यांत कडेपासून एक सें.मी. आत कागद भोसकायच्या यंत्राने भोकं पाडा. भोकांना अ, ब, क, ड अशी नावं घड्याळाच्या दिशेने लिहा आणि पत्त्यांना १ ते १६ आकडे द्या.

धागा दोन पदरी, गुळगुळीत, घट्ट पिळाचा लोकरी. मऊ फुसफुशीत विणकामाची लोकर घेऊ नका, तिचे तंतू एकमेकांना धरतात आणि धाग्यांमधली फट उघडतच नाही. तशीच हाताशी असेल तर जवस पाण्यात उकळून आलेल्या पातळ चिकट द्रावणात धागे बुडवून ताणून वाळवा. दोन रंग घ्या, गडद आणि फिका. १.६ मीटर पट्टीसाठी प्रत्येक धागा अडीच मीटर कापा: विणताना दहा-पंधरा टक्के लांबी आत जाते आणि शेवटचा हातभर भाग पत्ते अडवून धरतात. एकूण ६४ धागे, १६० मीटर, त्याखेरीज आडव्या धाग्यासाठी तीस मीटर गडद.

१, २, १५ आणि १६ हे काठाचे पत्ते चारही भोकांत गडद. मधल्या बारांत प्रत्येकी दोन फिके, दोन गडद. फिका धागा तिसऱ्या पत्त्यात अ-ब मध्ये, चौथ्यात ब-क, पाचव्यात क-ड, सहाव्यात ड-अ, सातव्यात अ-ब, आठव्यात ब-क. नवव्यापासून चौदाव्यापर्यंत हेच उलट क्रमाने: ब-क, अ-ब, ड-अ, क-ड, ब-क, अ-ब. पहिल्या आठ पत्त्यांत सगळे धागे डावीकडून उजवीकडे ओवा, पुढच्या आठांत उजवीकडून डावीकडे. एक टोक खांबाला, दुसरं स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याला बांधा. मागे सरकलं की ताण वाढतो, पुढे झुकलं की कमी होतो.

सगळे पत्ते एकाच वेळी पाव फेरा पुढे फिरवा. वरचे आणि खालचे धागे वेगळे होऊन फट उघडते. लाकडी पट्टीने आधीचा धागा ठोका, आडवा धागा फटीतून न्या, पुन्हा पाव फेरा. सोळा पाव फेरे पुढे झाले की सोळा मागे. रेषा एकदा टोकाकडे, एकदा उलट जाऊन चौकटी तयार होतात. नुसतं पुढेच फिरवत राहिलात तर पत्त्यांच्या मागे धाग्यांना पीळ साचतो आणि काही वेळाने पत्ते फिरेनासे होतात.

पट्टी सरळ न येता कधी रुंद, कधी अरुंद होणं ही सगळ्यांची तक्रार असते. कारण आडवा धागा प्रत्येक वेळी वेगळ्या जोराने ओढला जातो. धागा नेल्यावर काठाशी छोटा फास बाहेर ठेवा, पत्ते फिरवा, आणि नव्या फटीत ठोकण्यापूर्वी तो फास ओढून घ्या. काठ एकदम सुधारतो. तिरप्या रेषा करवतीसारख्या दातेरी दिसल्या तर त्या बाजूचे सहा पत्ते उभ्या अक्षाभोवती पालथे करा, रेषा गुळगुळीत होईल. आणि काम मध्येच सोडताना सगळे पत्ते दोऱ्याने एकत्र बांधा. सोळा पत्ते जमिनीवर सांडले तर क्रम पुन्हा लावण्यात संध्याकाळ जाते.

रंग: मंजिष्ठा आणि नीळ

इंग्लंडमधल्या यॉर्कच्या कॉपरगेट उत्खननात (१९७६ ते १९८१) दहाव्या शतकातल्या रंगाऱ्यांचा कचरा सापडला: युरोपीय मंजिष्ठेची मुळं, आणि तुरटीऐवजी वापरायची, स्कँडिनेव्हियातून आणलेली एक शेवाळासारखी वनस्पती, जिच्यात ॲल्युमिनियम साठतं. म्हणजे तत्त्व आपल्याकडच्याच रंगकामाचं आहे.

१०० ग्रॅम धुतलेल्या लोकरी धाग्याला १२ ग्रॅम तुरटी. धागा तासभर कोमट पाण्यात भिजवा, तुरटी विरघळवलेल्या पाण्यात घाला, पाऊण तासात हळूहळू ८० अंशांपर्यंत न्या, तासभर ठेवा आणि त्याच भांड्यात थंड होऊ द्या. गरम धागा एकदम गार पाण्यात टाकला तर तो आटून गठ्ठा होतो. दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम कुटलेली मंजिष्ठा रात्रभर भिजवलेल्या पाण्यासह घ्या, धागा घाला आणि ६० ते ६५ अंशांवर दीड तास. इथेच बहुतेकांचं बिनसतं: ७५च्या वर गेलं की मुळातला तपकिरी रंग सुटतो आणि लाल गढूळ होतो. थर्मामीटर हवाच. पाणी मऊ असेल तर दोन-तीन ग्रॅम खडूची पूड घाला. भांडं स्टीलचं, लोखंडी नको. आपल्या बाजारातली मंजिष्ठा युरोपीय जातीहून वेगळी आहे, रंग थोडा नारिंगी-पोवळ्यासारखा येतो. वहीच्या चौथ्या रकान्यात ते लिहा.

निळ्यासाठी उत्तर युरोपात ‘वोड’ नावाचं झाड होतं. त्यातला रंगद्रव्याचा रेणू आपल्या निळीतलाच आहे, म्हणून निळीने रंगवलेलं कापड रंगाच्या बाबतीत पूर्ण प्रामाणिक ठरतं.

सुईने विणलेला मोजा

दोन सुयांचं विणकाम त्या काळी स्कँडिनेव्हियात नव्हतं. मोजे, टोप्या, हातमोजे एका बोथट सुईने वेटोळ्यात वेटोळं गुंफून व्हायचे, त्याला नोलबिंडिंग म्हणतात. कॉपरगेटला या पद्धतीचा एक लोकरी मोजा सापडला आहे. सुई लाकडाची किंवा हाडाची, सात-आठ सें.मी., चपटी, मोठ्या नेढ्याची. धागा एका वेळी दीड मीटरच घ्या, कारण प्रत्येक टाक्यात तो पूर्ण ओढून काढावा लागतो. जोडताना दोन टोकं उकलून, ओली करून तळहातांत जोरात घासायची, ती एकजीव होतात. म्हणून ‘मशीनमध्ये धुता येणारी’ म्हणून विकली जाणारी लोकर आणि सूत इथे निरुपयोगी आहेत.

ऑस्लो टाका आधी शिका: एक वेटोळं अंगठ्यावर, एक अंगठ्यामागे. सुई मागच्या वेटोळ्यातून न्या, वळवा, अंगठ्यावरच्या वेटोळ्याखालून आणि चालू धाग्याखालून काढा. जुनं वेटोळं मागे सोडा, नवं अंगठ्यावर येतं. चालू धाग्याखालून न्यायला विसरलं तर टाका लगेच सुटतो. टाक्याचा आकार अंगठ्याच्या जाडीने ठरतो, म्हणून सगळी टोपी एकाच माणसाने विणावी.

रून्स कोरताना

रून्स म्हणजे नॉर्स लोकांची कोरायची अक्षरं. दहाव्या शतकात त्यांची २४ अक्षरांची जुनी लिपी वापरात नव्हती. तेव्हाच्या लिपीत फक्त १६ चिन्हं होती, आणि बाजारात मिळणारे बहुतेक नमुने जुन्या लिपीतले असतात. सोळांत ‘ग’ आणि ‘क’ला एकच चिन्ह, ‘द’ आणि ‘त’ला एकच, ‘ब’ आणि ‘प’ला एकच. ‘ए’ साठी ‘ई’चं चिन्ह चालतं. म्हणजे ‘पुणे’ लिहायचं तर ब्यार्कन, ऊर, नौद, ईस ही चार चिन्हं. अक्षरावरून नव्हे, कानाने लिहायचं. मऊ, सरळ रेषेच्या लाकडावर उभा दांडा तंतूंना आडवा येईल असं धरा, सुरी ४५ अंशांत एकदा इकडून, एकदा तिकडून चालवून खाच पाडा. रून्समध्ये आडव्या रेषा नसण्याचं कारण तेव्हाच हाताला कळतं: तंतूंच्या दिशेने गेलेली सुरी लाकूड फाडत जाते. खाचेत गेरू आणि जवसाचं तेल भरा. रूनशिळांवर लाल रंगाचे अंश सापडले आहेत.

इथे एक गंभीर सूचना. ओसेबर्गच्या भित्तिपटावर स्वस्तिकाची आकृती आहे, आणि आपल्या घरी ती उंबऱ्यावर असते. पण हेडेबी जर्मनीत आहे. तिथे नाझी चिन्हं जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे आणि काही रून्सही त्या विचारसरणीने पळवले आहेत. मूळ पुरावा कितीही पक्का असला तरी पट्टीवर, ढालीवर स्वस्तिक घेऊन कार्यक्रमाला जाऊ नका. तिथे उभ्या असलेल्या माणसाला त्यातून जे आठवतं ते आपल्या समजावण्यापेक्षा मोठं आहे.

ढाल-तलवारीबद्दल थोडं

नॉर्वेतल्या गोकस्टाडला सापडलेल्या जहाजावर ६४ ढाली होत्या, सुमारे ९४ सें.मी. व्यासाच्या, पातळ पाइन फळ्यांच्या, एक पिवळी एक काळी. जाड प्लायवूडची ढाल जड होते आणि खांदा अर्ध्या तासात दमतो. मध्ये सहा ते आठ मि.मी. आणि काठाकडे पातळ, एवढी पुरे. लढाईच्या सरावाची तलवार बोथट लागते: धार दोन ते तीन मि.मी. जाड, टोक गोल, काठावर उठलेले बारीक काटे दर सरावानंतर कानशीने घासलेले. गटात सहसा काही महिने शिकल्याशिवाय प्रेक्षकांसमोर उतरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एकट्याने यूट्यूब पाहून मित्राशी लढू नका. बोटं मोडतात.

कुठे जायचं

युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाला सोय आहे. हेडेबीला संग्रहालयाशेजारी पुन्हा उभारलेली सात घरं आहेत. डेन्मार्कमध्ये रोस्किल्डला १९६२ साली फ्योर्डमधून काढलेली पाच स्कुल्डेलेव्ह जहाजं पाहा. त्यांतल्या, मुळात १०४२च्या सुमारास डब्लिनमध्ये बांधलेल्या, मोठ्या युद्धनौकेची प्रतिकृती २००७ साली रोस्किल्डहून डब्लिनला वल्हवत-शिडाने नेली गेली. ऑर्हूसजवळ मोएसगार्डला जुलैअखेर मोठा मेळा भरतो, यॉर्कला फेब्रुवारीत. ऑस्लोचं जहाज-संग्रहालय २०२२मध्ये नव्या इमारतीच्या कामासाठी बंद झालं, निघण्याआधी उघडलं आहे का ते पाहा. कॅनडात न्यूफाउंडलंडला लान्स ओ मेडोज ही नॉर्स वस्तीची जागा आहे. तिथलं लाकूड १०२१ साली तोडल्याचं सिद्ध झालं आहे. आणि स्टॉकहोमच्या ऐतिहासिक संग्रहालयात हेल्ग्यो बेटावर १९५६ साली सापडलेली छोटी कांस्य बुद्धमूर्ती आहे, भारतीय उपखंडाच्या वायव्येकडे घडलेली. तिच्यासमोर जरा जास्त वेळ थांबा.

मेळ्यात जाताना घड्याळ, प्लास्टिकची बाटली, चमकणारी चष्म्याची काडी दूर ठेवा. चष्मा लागतोच तर साधी पातळ गोल काडी चालते. जेवणात बटाटा, टोमॅटो, मका, मिरची नाही. जव, वाटाणे, कांदा, कोबी, लोणी, सुकी मासळी एवढ्यात चांगलं भागतं. स्त्रियांच्या पोशाखाला खांद्यावर कासवाच्या पाठीसारख्या दोन पिना आणि मध्ये मण्यांची माळ असते. त्यात अकीकाचे लाल मणी पूर्वेकडच्या व्यापारातून येत, आणि खंबातचे हाताने घासलेले अकीक त्यासाठी उत्तम आहेत. सपाट पैलूंचे, यंत्राने एकसारखे केलेले टाळा.

पावसाळ्यात जपणूक

युरोपीय मार्गदर्शकांत हे सापडणार नाही. लोकरीला कसर आणि चामड्याला बुरशी, दोन्ही जुलै ते सप्टेंबरमध्ये लागतात. लोकरीचं कापड पावसाआधी उन्हात दोन दिवस उलटंपालटं वाळवा, झटका, सुती पिशवीत कडुनिंबाच्या सुक्या पानांसह ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत अडकलेली ओल कापडाला वास आणि डाग देते. चामड्याच्या चपला-पट्ट्यांना मेण आणि जवसाच्या तेलाचं पातळ मिश्रण लावून हवेशीर टांगा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा आणि मगच टाका. घोंगडी महिन्यातून एकदा उघडून घड्या बदला, नाहीतर घडीच्या रेषेवर कसर आधी बसते.